ईदनंतरचा आठवडा

कोडीनची खोकल्याची बाटली, ट्रामाडोलची गोळी. दोन्ही अफूच्याच जातीची, पण 'दारू तर नाही ना' म्हणून घरात खपून जातात. रमजान लागला की नांदेड-लातूरची कितीतरी पोरे मनाशी ठरवतात, आता बंद. दुसऱ्या दिवशी अंग मोडते, नाक-डोळे वाहतात, जुलाब लागतात. अम्मीला वाटते, रोजा बाधला.

हा आजार आहे, आणि आजाऱ्याला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६मध्ये मुक्तांगण सुरू केले, तेही व्यसनाला आजार मानूनच. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी तलफ आवरते. तिची वेळ सहरी-इफ्तारशी कशी जुळवायची, ते डॉक्टरांनाच विचारावे. 'एक नशा सोडून दुसरी' म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही.

मला खरी धास्ती ईदनंतरची वाटते. महिनाभराच्या खंडाने शरीराची सवय मोडलेली असते. दोस्तांत बसून जुन्याच मात्रेने घेतले, तर श्वास मंदावत थांबू शकतो. चाँदरातीला त्याच्या कपड्यांची चौकशी होते. पुढचे आठ दिवस संध्याकाळी त्याच्यासोबत कोण राहणार, तेही त्याच रात्री ठरवा. हेल्पलाइन १४४४६.