‘अलेग्रो’ म्हणजे केवळ जलद नव्हे

आपल्या शाळेत की-बोर्डचे वर्ग सुरू झाल्यापासून पालक एक प्रश्न वारंवार विचारतात. मुलांना आधीच मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत. त्यात हे इटालियन शब्द कशाला? विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी तर सर्व शब्दांना मराठी प्रतिशब्द द्यावेत, असे सुचविले आहे. माझे मत थोडे निराळे आहे. शब्द इटालियनच राहू द्यावेत, मात्र ते अर्थाविना पाठ करून घेणे थांबवावे.

सतराव्या-अठराव्या शतकांत इटलीचे गायक-वादक युरोपभर दरबारांत गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही गेले. पुढे शूमानसारख्यांनी जर्मनमध्येही सूचना लिहिल्या, पण इटालियनचे चलन टिकले. परदेशात छापलेला स्वरलिपीचा कागद ग्वाल्हेरचा विद्यार्थी वाचू शकतो तो याच सोयीमुळे. ही सोय आपण का मोडावी?

परंतु इटलीच्या मुलाला हे शब्द घरातले आहेत. ‘आंदान्ते’ म्हणजे चालत. ‘अलेग्रो’ म्हणजे आनंदी. ‘दा कापो’ म्हणजे डोक्यापासून, अर्थात पुन्हा आरंभापासून. आणि ‘फीने’ म्हणजे शेवट, ज्याला आपली मुले इंग्रजी ‘फाइन’ समजून हसतात. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. ‘समबाहु त्रिभुज’ म्हटले की आकृती डोळ्यांपुढे यायची. मराठीतल्या ‘समभुज त्रिकोणा’चेही तसेच. शब्दच व्याख्या सांगतो. ‘इक्विलॅटरल’ मात्र घोकावे लागे.

घोकण्याचे नुकसान कानाला कळते. ‘क्रेशेंडो’ दिसला की मुले तिथूनच जोरात वाजवतात. त्याचा अर्थ ‘वाढत जाणारा’ असा आहे. सुरुवात लहान आवाजात केली नाही तर वाढवणार काय? छोटे शब्द तर मुले गाळूनच टाकतात. ‘अलेग्रो मा नॉन त्रोप्पो’ यातील शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ ‘पण फार नव्हे’. खरी सूचना तिथेच आहे! ‘पियानिस्सिमो’मधला ‘इस्सिमो’ आपल्या ‘लघुतम’मधल्या ‘तम’सारखा, हे एकदा सांगितले की ‘प्रेस्तिस्सिमो’ वेगळा शिकवावा लागत नाही.

कोणी म्हणतील, आता यंत्रावर वेगाचा आकडा लावता येतो. मेल्झेलने १८१५ साली मेट्रोनोमचे पेटंट घेतले तेव्हापासून आकडे आहेतच. ‘अलेग्रो’चा अर्थ आनंदी, पण रचनेचा भाव कित्येकदा नेमका उलटा असतो, अशी तक्रार बेथोव्हेननेही १८१७ च्या एका पत्रात केली होती आणि वेगासाठी आकड्यांची बाजू घेतली होती. ते रास्तच आहे. पण आकडा वेग सांगतो, भाव सांगत नाही. शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक असलेल्यालाच शब्द आणि रचना यांतील ही विसंगती दिसेल.

आपल्या गावात हे समजावणे कठीण नसावे. १९१८ साली पं. भातखंडे यांच्या साहाय्याने येथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले; विलंबित, मध्य, द्रुत हे शब्द अनेक घरांत रुळलेले आहेत. भातखंडे लिपीत स्वर, मात्रा, मींड यांना खुणा आहेत. आवाज कुठे लहान, कुठे मोठा, हे गुरुमुखातून मिळते. पाश्चात्त्य पद्धतीत ते काम बरेचसे हे शब्द करतात.

म्हणून संगीत शिक्षकांना माझी विनंती आहे की, नवी रचना वाजविण्याआधी विद्यार्थ्याने कागदावरील प्रत्येक इटालियन शब्दाचा अर्थ आपल्या मराठीत वहीत लिहावा. पालकांनी घरी फक्त वही उघडून विचारावे, “हे कसे वाजवायचे रे?”