पुस्तकी किंमत

दुर्मिळ पुस्तकांचे संग्राहक आणि बँकेचे लॉकरधारक यांच्यात फरक एवढाच, की लॉकरधारक निदान लग्नसराईत आपला माल बाहेर काढून मिरवतो. हे मी चिडून लिहितो आहे. आणि स्वतःला वगळून लिहीत नाही.

मला छंद आहे रेल्वेच्या इतिहासाची, बाजारातून नाहीशी झालेली पुस्तकं जमवण्याचा. तीही पहिल्या आवृत्तीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकरांचं 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' छापून निघालं. असला वक्तशीरपणा पुढे आपल्या गाड्यांनी दाखवल्याचं ऐकिवात नाही. डेव्हिडसनचं १८६८चं, रेल्वेच्या शताब्दीला १९५३ साली निघालेलं सहानींचं, वेस्टवुडचं १९७४चं... ही नावं मी झोपेत घेतो, अशी हिची तक्रार आहे.

आता पहिला शत्रू घेऊ. "अहो, हे सगळं हल्ली मोबाइलवर फुकट मिळतं!" असं सांगणारे गृहस्थ. मिळतं, कबूल. मीही पाहिलं. पण जुन्या रेल्वेग्रंथाचा जीव असतो तो मागच्या घडीच्या नकाशात. भोर घाट घ्या. ३७ फुटांना एक फूट असा चढ, २५ बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे येतो काय, मरतो काय आणि त्याची बायको ॲलिस ते कंत्राट पुढे चालवते काय! १८६३ साली घाट खुला झाला. हे सारं नकाशा उलगडल्याशिवाय कळायचं कसं? मी पाहिलेल्या फुकट प्रतीत फोटो काढणाऱ्यानं घडी उलगडायचे कष्टच घेतले नव्हते. पडद्यावर दिसत होती नकाशाची पाठ. हापूसची पेटी फुकट मिळावी आणि खिळे काढायची परवानगी नसावी, तसला प्रकार!

दुसरा शत्रू आमच्याच जातीचा. ह्याच्याकडे अस्सल प्रत असते, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कुलपात. उघडत का नाही? तर म्हणे किंमत उतरते. मी बी. कॉम. आहे; घसारा मला शिकवू नका. न वाचलेलं पुस्तक हे पुस्तक नव्हेच. त्याची नोंद जडसंग्रहाच्या वहीत, खुर्च्या-कपाटांच्या रांगेत व्हायला हवी. आणि असल्या संग्रहाचं पुढे काय होतं? मालक जातो. आत काय आहे ते मुलांना कधी दाखवलेलंच नसतं. मग रद्दीवाला येतो, तराजू काढतो, आणि १८६८ सालचा माल कालच्या वर्तमानपत्राच्या भावानं जातो. दोष मुलांचा नाही, कुलपाचा आहे.

आता माझा गुन्हा.

खालच्या मजल्यावरचे नाना रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लावून तिला घाट चढवतात, त्या इंजिनांवर त्यांचं आयुष्य गेलं. त्या इंजिनांना म्हणतात बँकर. "म्हणजे आपण दोघंही बँकर!" असं नाना मला नेहमी म्हणतात. खरं आहे, ते मागून ढकलत, मी पुढे ढकलतो.

एकदा ते माझा घाटाचा ग्रंथ पाहायला आले. (नाव सांगत नाही, विक्रेते भाव वाढवतात.) मी म्हणालो, "नाना, जरा हात धुऊन येता का?" नाना गेले, हात धुऊन आले. मग ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले. म्हणाले, "नको, लांबूनच बघतो. फाटलंबिटलं तर तुमचं नुकसान." दोन मिनिटं उभे राहून गेले. ज्यानं तो घाट हातांनी चालवला, त्याच्या हाताची मला भीती!

रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पुस्तक घेऊन स्वतःच खाली गेलो. नानांच्या पलंगावर नकाशा पसरला. नाना बोट फिरवू लागले. खंडाळ्याखाली गाडी उलटी फिरवायची जुनी जागा त्यांना तत्काळ सापडली. "हिचे नुसते अवशेष पाहिले होते हो आम्ही!" मग पुढे कुठे शिट्टी द्यायची, ब्रेक सुटलेली गाडी कोणत्या कॅच सायडिंगला वळवायची, हे नकाशात नसलेलं सगळं तासभर सांगत बसले. त्या नादात घडीवर नकाशा अर्धा इंच फाटला.

वहीत तेवढी पुस्तकी किंमत कमी करून टाकली आहे. आणि नानांनी सांगितलेलं सगळं पेन्सिलीनं कागदावर उतरवून शेवटच्या पानाशी ठेवलं आहे. संग्राहकांनी हळहळायचं तर खुशाल हळहळावं. ज्यांना नकाशा पाहायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं. हात धुवायची गरज नाही. चहा मात्र आधी पिऊन टाकावा.