हातात दिवा, हातात ब्रश

सावंतवाडीत जन्मलेल्या सा. ल. हळदणकरांचे दिवा घेतलेल्या बाईचे चित्र आपल्यापैकी अनेकींनी छापील स्वरूपात पाहिले असेल. 'ग्लो ऑफ होप' नावाचे हे मूळ जलरंगचित्र १९४५-४६ चे. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता सुमारे तीन तास पेटता दिवा धरून उभी होती. चित्र सुंदर आहेच. पण त्या वेळी काम दोघे करत होते. कलावंत मात्र एकच ठरला.

दुसरे चित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातले, सुमारे १६३८-३९ चे. इटलीच्या आर्टेमिझिया जेंटिलेस्कीने ते काढले आणि चेहरा तिचा स्वतःचाच मानला जातो. इथे बाईच्या हातात ब्रश आहे. बाही वर सरकलेली, केस विस्कटलेले. ती आपल्याकडे पाहतच नाही. तिचे लक्ष कामात आहे. त्या काळी चित्रकारांच्या हाताशी असलेल्या चेझारे रिपाच्या ग्रंथात चित्रकला बाईच्या रूपात वर्णिली होती: गळ्यात मुखवटा अडकवलेली सोन्याची साखळी आणि तोंडाला बांधलेले फडके. आर्टेमिझियाने साखळी घेतली, फडके वगळले.

१६१२ मध्ये बलात्काराच्या खटल्यात तिची साक्ष खरी की खोटी हे पाहण्यासाठी तिच्याच बोटांना दोऱ्या आवळल्या गेल्या. हे विसरायचे नाही. पण या चित्राला केवळ अत्याचाराची कहाणी समजणे हाही अन्यायच. हे एका कसबी बाईच्या कामाचे चित्र आहे.

आपल्या वैभववाडीत लावणी, कापणी, गोठा, काजू बी वेचणे हे सारे बायकांच्या हातांनी होते. तरी "काय काम करता?" असे विचारले की उत्तर येते, "काय नाय, घराकच असतंय." जे काम करणारीलाच काम वाटू दिले जात नाही, त्याची रास्त मजुरी कोण मागणार? सातबाऱ्यावर तिचे नाव लागावे असा आग्रह कोण धरणार?

मैत्रिणींनो, आपल्या पोस्टरांवरही दिवा, घागर किंवा मूल घेतलेली बाईच जास्त असते. यापुढे कामात गुंतलेली, आपल्याकडे न पाहणारी बाईही तिथे येऊ दे. खाली 'ग्रामीण महिला' न लिहिता तिचे नाव आणि काम लिहूया. आणि लिहिण्याआधी तिलाच विचारूया.