तापीच्या दुसऱ्या टोकाला

अमळनेरच्या माणसाला समुद्र पाहायचा झाला की तो मुंबई, अलिबाग नाहीतर गणपतीपुळ्याचं नाव घेतो. पण आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र सुरतेचा. संध्याकाळी गाडीत बसावं, नंदुरबार, नवापूर मागे टाकावं, की तापी जिथं खाऱ्या पाण्यात शिरते तिथं आपण पोचतो. आपली बोरीही त्याच वाटेनं जाते. बोरी तापीला मिळते, पुढे मुडावदला कपिलेश्वराजवळ पांझरा मिळते, मग उकाईचं धरण, मग सुरत आणि डुमसचा काळ्या वाळूचा किनारा. समुद्र हा परका मुलूख आहे असं आपण खानदेशी लोक का मानतो, हे मला कधी उमगलेलं नाही.

गळ टाकायचा नाद मला नदीवर लागला आणि समुद्रावर तो पक्का झाला. नदीवर जागा ओळखावी लागते, डोह कुठं आहे ते ठाऊक असावं लागतं. समुद्रावर वेळ ओळखावी लागते. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, आली ती भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. आपल्याकडे पंचांग उपास आणि मुहूर्तासाठी उघडतात, तिथं ते पाण्यासाठी उघडतात. सुरतेकडे हा हिशोब जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण खंबातच्या आखातात भरती उशिरा पोचते. पोचते ती मात्र मोठ्या जोरानं. ओहोटीला पाणी पार दूर जातं आणि मागे चिखल उरतो. कोळंबीचा तुकडा लावून शिशाचं वजन फेकलं की बहुधा शिंगाळाच लागतो. त्याचा काटा हाताला लागला तर दिवसभर ठणकतो, म्हणून गळ काढताना चिमटा जवळ हवाच.

हौशी माणसानं खाडीत एकदा तरी पाहावा असा मासा म्हणजे जिताडा. तो खाडीत आणि गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खारं पाणी शोधत मुखाकडे जातो. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे गळाला लागलेला सगळ्यात मोठा जिताडा, ज्याच्यासोबत फोटो काढायची घाई होते, ती बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. मी मोठा जिताडा सोडून द्यावा या मताचा आहे आणि ते मत बदलणार नाही. लहान मासाही सोडावा. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलीमीटरच्या आतलं धरायचं नाही, घोळ ७०० मिलीमीटरच्या आतला नाही. नियम मासेमारीच्या धंद्यासाठी आहेत हे खरं, पण ज्याचं पोट मासळीवर नाही त्यानं तर ते आधी पाळायला हवेत.

किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्याला कधी ना कधी नाव हवीशी वाटते. भाड्याची नाव मिळते, तांडेलही मिळतो. मला स्वतः बांधलेली हवी आहे, आणि लाकडाची. फायबरची नाव हलकी असते, स्वस्त पडते, कोळी बांधवांनी ती घेतली यात काही गैर नाही. पण लाकडी नाव सुतार जोडतो आणि सुतारच दुरुस्त करतो. तिची प्रत्येक फळी कुठून आली आणि कुठं बसली हे बांधणाऱ्याला माहीत असतं. पाण्यात जाताना हे माहीत असणं फार मोलाचं आहे.

याचा दाखला मुंबईतच घडलेला आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर नोकरी करणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण अधिकारी १९६३ च्या सुमारास मुंबईत होता. त्यानं कुलाब्याच्या एका कारखान्यात आपली नाव बांधायला घेतली. आराखडा जुन्या वळणाचा, दोन्ही टोकं निमुळती, लांबी बत्तीस फुटांच्या आसपास, लाकूड सगळं साग. काम केलं ते आपल्याकडच्या सुतारांनी, करवत, वाकस आणि सामता घेऊन. सामता म्हणजे दोरीच्या धनुकलीनं फिरवायचं भोक पाडायचं हत्यार. आपल्या गावातल्या जुन्या सुतारांच्या पेटीत तो अजून सापडेल. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ‘सुहैली’ पाण्यात उतरली. १४ जून १९६८ रोजी ती इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथंच परतली. मध्ये कुठलंही बंदर नाही, सोबतीला कुणी नाही. कुठंही न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा नॉक्स-जॉन्स्टन जगातला पहिला माणूस ठरला. ही एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत होती. तीत नऊ जण उतरले होते, पोचला तो एकटाच.

मला त्या प्रवासातला एक प्रसंग पुन्हापुन्हा आठवतो. निघाल्यावर थोड्याच दिवसांत, अटलांटिकमध्ये, नाव पाणी घेऊ लागली. तळाच्या कण्याला लागून असलेल्या फळीच्या सांध्यातला कापूस सुटला होता. नॉक्स-जॉन्स्टन पाण्यात उतरला, श्वास रोखून सांध्यात कापूस ठासू लागला, पण दम संपायच्या आत काम होईना. मग त्यानं कापडाच्या लांब पट्टीवर कापूस शिवून घेतला, पट्टी डांबरात भिजवली आणि बुड्या मारमारून ती तांब्याच्या खिळ्यांनी सांध्यावर ठोकली. मध्येच शार्क घिरट्या घालू लागला, त्याचाही बंदोबस्त करावा लागला. पट्टीवरून तांब्याचा पत्रा बसवल्यावर गळती आटोक्यात आली. जगाच्या त्या प्रवासाचा धागा त्या घटकेला कापसावर टिकून होता. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे वाचून स्वस्थ बसवत नाही.

साग आणि कापूस. लाकडी नावेचा सांगाडा सागाचा, सांधे बुजवायला तेलाराळेत भिजवलेला कापूस. या दोन्ही गोष्टी समुद्रात होत नाहीत, जमिनीवर होतात, आणि आपल्या भागात होतात. सागात स्वतःचं तेल असतं, म्हणून तो पाण्यात लवकर कुजत नाही, फुगणं-आकसणं कमी, आणि ओकच्या लाकडासारखा लोखंडी खिळा खात नाही. म्हणूनच सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पुढे गोदीत सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्या गोदीचा सगळा साग आपल्याकडचा नव्हता, मोठा वाटा मलबारचा होता. पण डांगही त्यात होता, आणि डांगाचा कारभार तेव्हा खानदेशातून चाले. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स आउट्रमनं खानदेशी भिल्लांची पलटण उभी केली. तिचं ठाणं आपल्या शेजारच्या धरणगावला. हीच पलटण घेऊन तो १८३० मध्ये डांगात उतरला. १८४२ मध्ये तिथल्या भिल्ल राजांशी जंगलाचे करार झाले, ते गोदीला साग मिळावा म्हणून. राजांना वर्षासन मिळालं आणि जंगलावरचा हक्क हळूहळू हातचा गेला. जहाजांचं कौतुक करताना हे विसरता कामा नये. ती पाण्यावर टिकली, पण त्यांची किंमत डांगानं मोजली.

आणखी मागे जायचं तर अजिंठ्याला जावं. जामनेरच्या पुढे, घाटाखाली, समुद्रापासून इतक्या लांब, दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या चित्रकारानं तीन शिडांचं जहाज काढून ठेवलं आहे. त्या चित्रावरून गोव्यात नौदलासाठी ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधलं गेलं. फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या, काम केरळच्या कारागिरांचं. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं आणि वर्षाअखेरीस पोरबंदरहून मस्कतला निघालं. मालवणकडच्या जुन्या होड्याही अशाच शिवलेल्या असत. बाजूला उलांडी, म्हणजे लाटेत कलू नये म्हणून बांधलेला लाकडाचा आडवा ओंडका. चित्रकारानं ते जहाज पाहिलं होतं की ऐकलं होतं, कोण जाणे. पण नावेचं ज्ञान डोंगराआडही पोचतं आणि डोंगराआडूनही परत समुद्राकडे जातं, एवढं त्या भिंतीवर दिसतं.

तर माझी नाव. बारा फुटांची, दोन माणसांची, सपाट तळाची, वल्ह्यांवर चालणारी. तळ आणि बाजू आयएस ७१० शिक्क्याच्या मरीन प्लायच्या, कारण इतक्या रुंद सागाच्या फळ्या आता परवडत नाहीत. कणा, वाक आणि कडेची पट्टी सागाची; साग नवापूर भागातला, पास-पावतीसह घेतलेला. प्लायच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेनं त्या शिवायच्या, सांध्यात इपॉक्सी भरायची, सुकल्यावर तार कापायची.

बैलगाड्या बांधण्यात आयुष्य गेलेल्या एका मिस्तरींना मी आराखडा दाखवला. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. लाकडाला बाक कसा द्यायचा हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. ते म्हणाले, “भाऊ, नाव ते व्हई जाई, पन पानी कोठे शे?”

प्रश्न खरा आहे. बोरी बहुतेक वर्षभर कोरडी असते. पाडळसऱ्याचा निम्न तापी प्रकल्प किती काळ रखडला आहे हे तालुक्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण पावसाळ्यानंतर तापीच्या डोहांत वल्हं शिकण्यापुरतं पाणी असतं, आणि संथ पाण्यात नाव जे दोष दाखवते ते लाटेत कळण्यापेक्षा बरे. कुठला सांधा झिरपतो, माणूस उभा राहिला की किती कलते, वल्ह्याचा खुंटा कुठं हवा, हे सगळं तापीवरच कळून घ्यायचं. जीवरक्षक जाकीट पहिल्या दिवसापासून, गुडघाभर पाण्यातही. खाडीचं पाणी त्यानंतर, भांगाच्या तिथीला, तिथल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन.

मिस्तरींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त फळीची जाडी विचारली. काम त्यांच्याच अंगणात, दिवाळीच्या सुट्टीत सुरू होईल. शाळेतल्या मुलामुलींनी यावं असं मला फार वाटतं. पाहायला नव्हे, काम करायला. तार ओढायला दोन हात लागतात आणि फळी धरायला आणखी दोन. ज्यांच्या घरी आजोबांचा सामता पडून असेल त्यांनी तो घेऊन यावा, मिस्तरी त्याला दोरी लावून देतील.