दुरुस्ती हेही स्वदेशीच!

चैत्र सरू लागला की वर्तमानपत्रांची पहिली पाने वातानुकूलन यंत्रांच्या जाहिरातींनी व्यापली जातात. ‘जुना द्या, नवा घ्या’, ‘बिनव्याजी हप्ते’, ‘आज नोंदवा, उद्या बसवा’ अशा घोषणांचा मारा सुरू होतो. घरातला जुना एसी खरोखर निकामी झाला आहे काय, हा साधा प्रश्न मात्र त्या पानभर मजकुरात कुठेही नसतो. तो विचारणे विक्रेत्याच्या हिताचे नाही हे समजू शकते. परंतु स्वदेशीचा आणि काटकसरीचा वारसा सांगणाऱ्या आपल्या घरांतूनही तो विचारला जाऊ नये, ही चिंतेची बाब आहे.

गतवर्षी ऐन वैशाखात आमच्या घरचा आठ वर्षांचा, दीड टनाचा एसी थंडावा देईनासा झाला. कंपनीच्या सेवाकेंद्रातून आलेल्या तरुणाने दहा मिनिटांत निकाल दिला, “कॉइल गेली. गॅससकट सोळा हजार होतील. त्यापेक्षा नवाच घ्या, काका.” त्याच्या पिशवीत नव्या यंत्रांचे माहितीपत्रक तयारच होते. याच केंद्राने त्याआधीच्या तीन उन्हाळ्यांत ‘गॅस संपला’ असे सांगून तीनदा पैसे घेतले होते आणि आम्ही ते मुकाट्याने दिले होते. या वेळी मात्र जवळच राहणाऱ्या, आयटीआयमध्ये शिकलेल्या एका कारागिराला बोलावले. त्याने नळ्यांत दाबाखाली नायट्रोजन भरला, प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला आणि बाहेरच्या युनिटपाशी नटाच्या जोडावर उठणारा बुडबुडा मला दाखवला. कॉइल शाबूत होती. त्याने तांब्याच्या नळीचे तोंड कापून पुन्हा फुलवले, नट आवळला, पंपाने नळ्या निर्वात केल्या आणि काट्यावर तोलून गॅस भरला. खर्च साडेचार हजार रुपये. ते यंत्र आजही उत्तम चालते आहे.

गॅस ‘संपत’ नाही!

मध्यमवर्गीय घरांना दरसाल फसवणारे हे वाक्य आधी मोडीत काढले पाहिजे. एसीतील शीतक वायू हा स्कूटरमधल्या पेट्रोलासारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. खोलीतली उष्णता शोषतो आणि बाहेर नेऊन टाकतो. यंत्र निर्दोष असेल तर बसवताना भरलेला वायू वर्षानुवर्षे पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच : कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणे होय.

शिवाय या घागरीतून सांडते ते पाणी नव्हे. आर-४१०ए हा वायू गेल्या दशकातील असंख्य यंत्रांत आहे. वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट आहे. दीड टनाच्या यंत्रात तो किलोच्या आसपास असतो. एवढा वायू हवेत सुटला की सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. कोळशाच्या विजेचे एक युनिट तयार होताना ढोबळमानाने किलोभर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका निष्काळजी गळतीने दोन हजार युनिट विजेचे पाप आपण आपल्या गच्चीवरून आकाशात सोडतो आणि वर त्याचे पैसेही मोजतो.

‘नवा एसी म्हणजे बचत’ हा दावा

यावर विक्रेत्याचा ठरलेला युक्तिवाद असतो : नवे पंचतारांकित यंत्र वीज वाचवते, तेव्हा पर्यावरणासाठी तरी जुने टाका. या दाव्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत आणि पूर्वीचे पंचतारांकित यंत्र आजच्या कोष्टकात खाली घसरते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तारांकनाच्या पट्टीवरील वार्षिक विजेचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. आपल्या पुण्या-नाशिकच्या घरांत एसी किती तास चालतो? उन्हाळ्याचे ९० दिवस, रात्री आठ तास धरले तर ७२० तास, निम्म्याहूनही कमी.

आता कागदावर हिशेब मांडू. समजा, जुने यंत्र तासाला सरासरी दीड युनिट खाते आणि नवे एक युनिट. ७२० तासांत ३६० युनिट वाचतील. दहा रुपये दराने वर्षाला ३,६०० रुपये. नवे यंत्र ४० हजारांचे आणि दुरुस्ती ५ हजारांची असेल, तर वरचे ३५ हजार विजेच्या बचतीतून वसूल व्हायला जवळजवळ दहा वर्षे लागतील. तोवर त्या ‘नव्या’ यंत्राचीही मोडीत जाण्याची वेळ आलेली असेल! याउलट वर्षातले आठ महिने, रोज दहा तास एसी चालवणाऱ्या घरात किंवा दवाखान्यात हाच फरक तीनएक वर्षांत भरून निघतो. तिथे यंत्र बदलणे शहाणपणाचे आहे. निर्णय घरोघरीच्या वापरावर ठरायला हवा. जाहिरातवाल्यांना मात्र सर्वांसाठी एकच उत्तर हवे असते.

आणि पर्यावरणाचा पुळका येणाऱ्यांना एक प्रश्न. जुना एसी देऊन टाकल्यावर पुढे त्याचे काय होते? पुष्कळदा तो भंगारवाल्याकडे जातो. तांब्याच्या लोभाने नळी कापली जाते आणि किलोभर वायू क्षणात हवेत विरतो. वर मांडलेल्या हिशेबातील वर्षाकाठी ३६० युनिटांची बचत पाच वर्षे साठवली तरी त्या एका घावाची भरपाई होत नाही.

ही रीत आली कुठून?

वस्तू लवकर मोडीत निघावी ही बाजाराची गरज आहे, तुमची-आमची नव्हे. १९२४ साली जगातील बड्या दिवा-उत्पादकांनी जिनिव्हात संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. अधिक टिकणारे दिवे बनवणाऱ्या सदस्याला दंड ठोठावण्याची तरतूदही केली. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडताना नेमके याच विपरीत क्रमावर बोट ठेवले होते. गरजेसाठी उत्पादन व्हावे, हा स्वाभाविक क्रम. उत्पादन खपावे म्हणून गरजा निर्माण करणे, ही विकृती. पातेल्याला कल्हई लावणारा आणि जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारा हा समाज दरिद्री होता म्हणून तसे करीत नव्हता. वस्तूमागचे श्रम तो ओळखत होता. गंमत अशी की, ज्या युरोपकडून आपण ‘वापरा आणि फेका’ शिकलो, त्याच युरोपीय संघाला २०२४ मध्ये ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी निर्देश काढावा लागला.

आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग किती वर्षे आणि कोणत्या दराने मिळतील, हे यंत्राच्या खोक्यावरच छापण्याची सक्ती झाली पाहिजे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ज्या ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तिच्या कार्यकर्त्यांनी हा विषय गावोगावी हाती घ्यावा.

स्वदेशीचा अर्थही थोडा खोलात पाहू या. शीतक वायू भरलेल्या एसीच्या आयातीवर भारताने ऑक्टोबर २०२० मध्ये बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु देशात जोडलेल्या यंत्रांचेही काही महत्त्वाचे भाग परदेशातून येतात. विनाकारण घेतलेल्या प्रत्येक नव्या एसीमागे आपला पैसा काही अंशी सीमेपार जातो; दुरुस्तीचा मोठा वाटा मात्र आपल्याच वस्तीतील घरात चूल पेटवतो. १७ सप्टेंबरला भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रम दिन म्हणून साजरी करतो. २०२३ मध्ये त्याच दिवशी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. एसी दुरुस्त करणारा त्यांत नाही. हा नव्या युगाचा विश्वकर्माच नव्हे काय? पाचव्या मजल्याच्या सज्जाबाहेर, कमरेला पट्टाही न बांधता तो आपल्या गारव्यासाठी लोंबकळत असतो आणि आपण त्याच्याशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करतो.

म्हणून या उन्हाळ्यात प्रत्येक घराने काही पथ्ये पाळावीत. आधी जाळी स्वच्छ करावी, कारण थंडावा कमी होण्याचे कारण अनेकदा तिथेच असते. गॅस भरण्यापूर्वी गळती दाखवण्याचा आग्रह धरावा. कंपनीचे निदान शेवटचे न मानता दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून अधिक होत असेल, दहा-बारा वर्षांच्या यंत्राचा कॉम्प्रेसरच गेला असेल किंवा ओझोनला मारक असा आर-२२ वारंवार गळत असेल, तर हट्ट न धरता यंत्र बदलावे. घेताना आर-३२ किंवा त्याहून सौम्य असा आर-२९० वापरणारे कार्यक्षम यंत्र पाहावे. गोदरेजने २०१२ पासून आर-२९०वर चालणारे एसी भारतात बनवून दाखवले आहेत. जुने यंत्र गॅस रीतसर काढून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावे. आणि सज्जाबाहेर उतरणाऱ्या माणसाला सुरक्षा-पट्टा बांधल्याशिवाय काम करू देऊ नये.

स्वदेशीचे व्रत केवळ दुकानाच्या दारात पाळायचे नसते. खरी कसोटी घरातली वस्तू बिघडते त्या क्षणी लागते. त्या क्षणी आपला हात जाहिरातीकडे जातो की शेजारच्या कारागिराच्या दूरध्वनी क्रमांकाकडे, यावर आपले स्वत्व किती शाबूत आहे हे ठरेल.