संगणकाची किल्ली नेमकी कोणाकडे?

सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसात टॅली अडकले, तर हडपसरहून इंजिनीअर येईपर्यंत थांबायची आता गरज नाही. फोनवर स्क्रीनवरचा नंबर सांगायचा, ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबायचे, की माऊस आपोआप फिरू लागतो. पुण्याची वाहतूक पाहता ही सोय मोठीच आहे. प्रश्न एवढाच, की काम झाल्यावर तो दरवाजा बंद होतो का?

रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय?

दूरच्या संगणकाचा स्क्रीन आपल्यासमोर दिसतो आणि आपला कीबोर्ड-माऊस तिकडे चालतो. विंडोजच्या ‘प्रो’ आवृत्तीत ही सोय आधीपासूनच असते. अ‍ॅनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही त्यासाठीची वेगळी सॉफ्टवेअर. त्यामुळे ऑफिसातले पन्नास संगणक एकच माणूस एका जागी बसून सांभाळू शकतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये अनेक ऑफिसांचे काम घरातून सुरू राहिले, ते अशाच सोयींमुळे.

मग धोका कुठे?

आत येण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक वेळी तुमची परवानगी लागते. दुसरीत पासवर्ड कायमचा ठरवलेला असतो आणि समोर कोणी नसतानाही आत येता येते. दुसरी पद्धत सोपी, म्हणून छोट्या ऑफिसांत तीच रुळते. देखभालीचा करार संपतो, मुलगा नोकरी बदलतो, पासवर्ड मात्र तोच राहतो.

त्याहून वाईट म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे. असे उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. मे २०१९मध्ये उघड झालेल्या ‘ब्लूकीप’ त्रुटीमुळे तर पासवर्डशिवायही आत शिरता येत होते. मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट बंद झालेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली, यावरून गांभीर्य कळावे.

सामान्य माणसाला याची झळ फोनवरून बसते. ‘केवायसी अपडेट करून देतो’ म्हणत ठग अ‍ॅप टाकायला लावतात आणि स्क्रीनवरचा ओटीपी वाचतात. अ‍ॅनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केले होते.

पुण्याला हे नवे आहे का?

ऑगस्ट २०१८मध्ये कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तो हल्ला रिमोट डेस्कटॉपमधून झाला, असे इथे म्हणायचे नाही. पण नेटवर्कमध्ये एकदा शिरकाव झाला की चोराला तिजोरीपर्यंत चालत यावे लागत नाही, हे या शहराने तेव्हा पाहिले.

काय करावे?

ही सॉफ्टवेअर बंद करा, हा सल्ला चुकीचा आहे. दवाखाना किंवा भोसरीतले वर्कशॉप पगारी इंजिनीअर ठेवू शकत नाही. पण प्लंबरला आपण घराची किल्ली कायमची देत नाही. तोच व्यवहार इथेही हवा. परवानगी दर वेळी द्यावी, कायमचा पासवर्ड काढावा. तो लागणारच असेल, तर प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा हवा, सोबत दोन टप्प्यांची पडताळणी हवी. ३३८९ पोर्ट बाहेरून बंद ठेवून व्हीपीएनमधून यावे. कोण कधी आत आले याची नोंद राहावी. कंपन्यांनी अशा नोंदी १८० दिवस जपाव्यात, असा ‘सर्ट-इन’चा एप्रिल २०२२चा आदेशच आहे.

हे सारे देखभालीच्या करारात लिहून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, इंजिनीअरची नव्हे. कारण त्या संगणकात माहिती असते ती अशिलांची, रुग्णांची आणि कामगारांची. त्यांना कोणी विचारलेले नसते.

फसवणूक झालीच, तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा.