दीडशे रुपयांची तोफ



सोलापूरहून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर विजापूर आहे. तेथील बुरुजावरची ‘मुलूखमैदान’ तोफ तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात राहिली आणि १६३२ मध्ये विजापूरला आली. १८५४ साली इंग्रज सरकारने तिचा लिलाव काढला. सर्वांत मोठी बोली किती आली असेल? फक्त १५० रुपये! एका अधिकाऱ्याला ती फारच कमी वाटली आणि त्याने विक्री रद्द केली, म्हणून तोफ वाचली.

हे ऐकून वर्गातली मुले हसतात. “सर, दीडशे रुपयांत हल्ली चांगली सोलापुरी चादरही येत नाही!” पण ही तुलनाच चुकीची आहे. रबराच्या पट्टीने मोजलेल्या दोन लांबींची तुलना आपण करतो का? रुपया ही तशीच ताणणारी पट्टी आहे. म्हणून आधी एकक बदलू या.

१८५४ चा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. म्हणजे १५० रुपयांत सुमारे १.६ किलो चांदी. तोफेचे वजन ५५ टन सांगतात. तेही पडताळून पाहा. लांबी सुमारे ४.४ मीटर, बाहेरचा व्यास १.५ मीटर, नळीचा व्यास ०.७ मीटर आणि कांशाची घनता ८७०० किलो प्रति घनमीटर धरा. उत्तर ५३ टन येते. दारूची खोली नळीपेक्षा अरुंद असते, हे लक्षात घेतले तर आकडा जुळतो. तेव्हा एका ग्रॅम चांदीला ३४ किलो कांसे मिळत होते! एकक बदलूनही भाव हास्यास्पदच राहिला.

असे का व्हावे? एक किलो कांसे तापवून वितळवायला सुमारे साडेपाच लाख ज्यूल उष्णता लागते. सगळ्या तोफेला ३००० कोटी ज्यूल, म्हणजे थोडीही उष्णता वाया गेली नाही तरी दोन टन लाकूड. जुन्या भट्टीत तर बहुतेक उष्णता वायाच जाई. शिवाय ५५ टनांचा ठोकळा फोडायचा कसा आणि न्यायचा कसा? सोलापूरलाच रेल्वे आली ती १८६० मध्ये. बोली लावणाऱ्याने धातूच्या किमतीतून हा सारा खर्च वजा केला असणार.

आता दुसरी बाजू पाहा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने रघुजी भोसले यांची तलवार घेतली. तिला एकूण ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. अशी बातमी वाचून लोक म्हणतात, “जुनी हत्यारे म्हणजे सोन्याची खाण!” पण हा निष्कर्ष फक्त टिकून राहिलेल्या वस्तूंवरून काढलेला आहे. गंजून गेलेल्या आणि मोडीत गेलेल्या बंदुका-तलवारी कोण मोजणार? प्रयोगातली नको असलेली निरीक्षणे वगळली तर आलेखाला काय अर्थ?

माझे मत स्पष्ट आहे. वस्तुमान हा वस्तूचा गुणधर्म आहे, किंमत नाही. किंमत त्या दिवसाच्या गिऱ्हाइकाची अडचण आणि गरज सांगते. भाव पुन्हा चढतो, पण वितळलेली तोफ पुन्हा तीच तोफ होत नाही. म्हणून परत न फिरणारा निर्णय एका दिवसाच्या भावावर सोपवू नये.

तुमच्या घरी नाव आणि साल कोरलेले पितळी भांडे असेल. ते मोडीत देण्यापूर्वी वजन करा आणि आजीला विचारा, तेव्हा ते घ्यायला किती दिवसांची मजुरी लागली? किती पायल्या ज्वारी आली असती? वहीत टिपून ठेवा. मग भांडे द्यायचे की ठेवायचे, ते ठरवा.